मेडिकलचा उपास

माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी एकादशी धरली नाही. श्रावणी सोमवारीसुद्धा दुपार व्हायच्या आत भाकरी मोडायचा. पण ट्रकच्या परवान्यासाठी डॉक्टरी तपासणी, म्हणजे मेडिकल, निघालं की याचा उपास असा कडक, की देवही लाजावा. गेल्या वर्षी मेडिकलच्या सकाळी मी पोहे पुढे केले, तर त्याने ताटली बाजूला सरकवली, शुगरची गोळी तोंडात टाकली आणि तिच्यामागोमाग दुसरीही गिळली.

ही ट्रकवाल्यांची रीतच आहे. वजनकाट्याच्या अलीकडे जादा माल उतरवायचा आणि काटा झाला की पुन्हा चढवायचा, तसंच हे अंगाचं. तपासणीच्या दिवशी उपाशी राहायचं, गोळी दुप्पट घ्यायची, म्हणजे बोटाच्या थेंबात साखर कमी दिसते. असले सल्ले ढाब्यावर फुकट मिळतात. देणाऱ्यांपैकी कुणी दवाखान्याची पायरी चढलेला नसतो.

"चक्कर आली म्हंजे?" मी विचारलं.

"काय व्हत नाय. सगळेच करतेत. साखर दिसली तर सही नाय, आन् सही नाय तर गाडी नाय."

त्याला शुगर आहे हे घरात मला आणि मुलीला ठाऊक होतं, बाहेर कुणालाच नाही. सही झाली की तो तिथूनच भरलेली गाडी घेऊन जळगावला निघणार होता, म्हणजे अजिंठ्याच्या घाटातून. डबा बांधला आणि न विचारता मोटारसायकलवर त्याच्या मागे बसले. चिकलठाण्याला पोहोचेपर्यंत डबा मांडीवर घट्ट धरून होते.

ट्रान्सपोर्टच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. मालकाने सगळ्या ड्रायव्हरांसाठी त्यांना तिथेच बोलावलं होतं, आणि तोही शेजारी खुर्ची टाकून बसला होता. डॉक्टरीण वयाने आमच्या मुलीएवढी, पण प्रश्न सरळ विचारत होती.

"काका, चक्कर, फिट, मधुमेह, काही आहे का?"

"काय नाय मॅडम. दगड हाये मी."

रांगेतले लोक हसले. बाईंनी बोट टोचलं, यंत्राकडे पाहिलं आणि "छान आहे," म्हणाल्या. सह्या मात्र सगळ्यांचं झाल्यावर करणार होत्या. नवऱ्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मला हायसं वाटलं आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

मी त्याला त्याच्या गाडीपाशी नेलं आणि डबा उघडला. "आता खा."

"सही होऊ दे. मॅडमनं परत बोट टोचलं म्हंजे?"

"तुमची सही गेली चुलीत. खा आधी."

तो हट्टाला पेटला होता. लिंबाच्या सावलीत उभा होता तरी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी घास करून त्याच्या तोंडाशी नेला, तर त्याने मान फिरवली. मग खिशातून किल्ली काढली. ती दोनदा हातातून निसटली. माझ्याकडे पाहत, अगदी अदबीने, तो म्हणाला, "ताई, जरा सरका. गाडी काढायची हाय."

पंचवीस वर्षांहून जास्त संसार केलेल्या माणसाने मला ताई म्हटलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत माझी ओळखच नव्हती. पायरीवर पाय ठेवायला गेला तो घसरला, पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. रांगेतले एक चाचा, याच्याच बरोबरीचे जुने ड्रायव्हर, धावत आले. "भाभी, पैले चाबी काढा हातातनं."

मी किल्ली हिसकावली. मालक आमच्याकडेच बघत होता. तोंड उघडलं तर नवऱ्याची गाडी गेली हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि तरी मी ओरडलेच, "मॅडम, यांना शुगर आहे. सकाळपासून उपाशी आहेत. दोन गोळ्या घेतल्यात."

डॉक्टरीण पळत आली. चाचांनी टपरीवरून चहा आणून त्यात वरून मूठभर साखर घातली. डॉक्टरीण चमच्याने थोडं थोडं पाजत राहिली. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते, कारण रडले असते तर थांबलेच नसते. बऱ्याच वेळाने त्याने मला माझ्या नावाने हाक मारली.

तो उठून बसल्यावर मालक म्हणाला, "उपासामुळं आली असेल चक्कर. होतं कधीकधी." मालकालाही गाडी वेळेवर निघायला हवी होती.

डॉक्टरीण ऐकणारी नव्हती. "काका, असं आधी कधी झालं होतं? खरं सांगा."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. 'नाय' म्हटलं असतं तर मालकाने निभावून नेलं असतं. खरं बोलते, त्या क्षणी मलाही वाटलं, म्हण नाय.

"झालं व्हतं," तो म्हणाला. "मागल्या महिन्यात, घाटात. वळण कवा आलं, कवा गेलं, ठाव नाय. सुद आली तवा गाडी कठड्याला टेकली व्हती."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दाखल्यावर सही केली नाही. मालकाने माझ्यापुढे हात केला आणि मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

आता तो त्याच आवारात, गोदामात माल उतरवून घेतो. वेळेवर जेवतो आणि गाडी गेल्याबद्दल अजून माझ्यावर धुसफुसतो. गाडी गेल्याचं मलाही वाईट वाटतं. पण माझी झोप त्या घाटातल्या फेरीने उडवली आहे. त्या फेरीहून तो उशिरा घरी आला होता. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "घाटात लई गर्दी." मग हातपाय धुऊन जेवायला बसला, आणि मी त्याला आग्रह करून तिसरी भाकरी वाढली.