हलू नका बाई

आमच्या ताईला दवाखान्यात 'हलू नका बाई' म्हणतात. हृदयाचा आलेख काढणं हे तिचं काम, आणि माणसं हलतात ही तिची आयुष्यभराची तक्रार. कुणी खोकतं, कुणी पाय खाजवतं, कुणाला नेमकं तेव्हाच जावयाचं कौतुक आठवतं. स्नायू जरा हलला की त्याचीही वीज तारेतून येते आणि रेघ बिघडते. यावर उतारा म्हणून एक प्रोग्रॅम आहे. तो पुष्कळ ठोके एकावर एक ठेवून सरासरी काढतो. ठोक्याशी ज्याचा ताल जमत नाही ते पुसलं जातं, उरतं फक्त हृदय. ताईला घरातही अशीच माणसं हवी असतात.

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. मागे त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, म्हणून ताई अधूनमधून त्यांना दवाखान्यातल्या खाटेवर आडवं करते. दर वेळी तेच. "बाबा, हात सैल सोडा. हलू नका." बाबा खाटेची कड धरून पडतात. रेघ साफ निघते, ताई "ठणठणीत" म्हणते, विषय संपला.

बाबांच्या हातून स्क्रू निसटतात, गिऱ्हाइकं कुरकुरतात, हे मी सांगून थकलो. "वय झालंय. चष्मा बदल त्यांचा," ती म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी.

परवा बाबा खाटेवर असतानाच तो प्रोग्रॅम बंद पडला. रेघ आली तशीच कागदावर उतरली. दोन ठोक्यांच्या मधे बारीक लाटा, एकसारख्या अंतरावर. ताईने तारा बदलल्या, यंत्र बदललं, मला पंखा बंद करायला लावला, वायरमनचा उद्धार केला. शेवटी स्वतःच खाटेवर आडवी झाली. तिची रेघ स्वच्छ आली.

मग ती संगणकात साठलेले बाबांचे जुने, न पुसलेले आलेख उघडून बसली. प्रत्येकात त्याच लाटा होत्या, हाताच्या कंपाच्या. मागे जावं तशा बारीक, पण होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हात माझाच आहे," बाबा म्हणाले. "तुला कळलं असतं तर दुकान बंद करायला लावलं असतंस. आणि तू ठणठणीत म्हणायचीस. मग मीही म्हणायचो, असेल."

मला दोघांचाही संताप आला. एकाने लपवायचं, दुसरीने पुसायचं, आणि मी आपले चष्म्याच्या दुकानात हेलपाटे घालायचे.

मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला नवा आलेख हवा होता. ताईने पुन्हा तारा लावल्या. बाबांनी सवयीने खाटेची कड धरली. तिने त्यांची बोटं सोडवली.

"हलू द्या, बाबा," ती म्हणाली. "हलू द्या."