व्हर्नाबाईंची सडकी फळी

अमेरिकेतल्या ईरी गावात कुणाचा नळ गळायला लागला की माणसं आधी व्हर्ना स्टाखोवियाकबाईंच्या दाराची घंटा वाजवतात. बाईंनी एकतीस वर्षं शाळेची देखभाल केली, बॉयलरपासून पोरांनी उखडलेल्या कड्यांपर्यंत सगळी. नवरा लेनर्ड गेला, नोकरी संपली, हात मात्र काही स्वस्थ बसेनात. कामाचे पैसे घ्यायच्या नाहीत. पण कुणी "किती दानधर्म करता हो तुम्ही!" म्हणालं की संपलंच.

"दान? दान श्रीमंत करतात. आधी एखाद्याचा खिसा कापायचा आणि मग त्यालाच रुमाल द्यायचा. मी फक्त वायसर बदलते," असं म्हणून त्या पाना आपटायच्या.

ही अक्कल त्यांच्या एप्रनच्या खिशातून यायची. तिथे फोन, आणि फोनवर दिवसभर 'तळमजला' नावाचा कार्यक्रम. टोबायस नावाचा दाढीवाला तरुण ब्रुकलिनमधल्या आपल्या खोलीत बसून रोज दोन तास भांडवलशाहीला शिव्या घालायचा आणि मध्येच गाद्यांची जाहिरात करायचा. जाहिरात लागली की बाई आवाज बंद करत. गुरू म्हटला की थोडं सांभाळून घ्यावंच लागतं. त्याच्या कार्यक्रमाला त्या दरमहा पाच डॉलर पाठवायच्या, आणि ते दान नव्हे हेही ऐकवायच्या.

ऑगस्टमध्ये त्यांच्या विमा कंपनीचं पत्र आलं. 'ग्रेट हार्बर'ने आभाळातून घरांचे फोटो काढले होते. त्यात बाईंच्या ओसरीची पायरी सडलेली आणि कठडा अर्धा गायब दिसला. म्हणून तीस सप्टेंबरनंतर घराचा विमा बंद. आता विमा नाही म्हणजे घराचं कर्ज देणारी बँक आपला महागडा विमा लादणार, तो बाईंच्या पेन्शनला झेपणार नाही, घर विकावं लागणार, आणि मग टोलेडोला धाकट्या बहिणीच्या तळघरात मुक्काम. बहिणीकडे टीव्हीचा रिमोट बहिणीच्याच हातात असतो.

दुसऱ्या दिवशी त्या लाकूड घेऊन आल्या. शेजारची रोझ पर्डी फळ्या धरायला आणि सल्ले द्यायला हजर होती. चार दिवसांत पायऱ्या नव्या, कठडा नवा. बाई स्वतः त्यावर तीनदा उड्या मारून आल्या. फोटो काढून कंपनीला पाठवले, वर फोनही केला.

"फोटो आमच्या अधिकृत माणसाने काढलेला लागतो, मॅडम," फोनवरचा पोरगा म्हणाला.

"मग पाठव की तुझा अधिकृत माणूस."

"नोव्हेंबरमध्ये येईल."

"अरे, विमा सप्टेंबरात संपतोय! वरातीमागून घोडं पाठवतोस का?"

"आणखी काही मदत करू शकतो का, मॅडम?"

"आधी केलीस कुठे, म्हणजे आणखी करशील?" बाईंनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच 'तळमजला'ला पत्र लिहिलं. ज्याचं सहा वर्षं ऐकलं, तो आपलं एकदा तरी ऐकेल अशी त्यांना आशा होती.

टोबायसचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. बाई एवढ्या हरखल्या की त्यांनी केस विंचरले.

"व्हर्ना, हे भयंकर आहे! भयंकर छान आहे!" तो म्हणाला. "शाळेची निवृत्त कामगार, विधवा, मोडकी ओसरी, वर कंपनीचं विमान! तुम्ही पायरीवर बसा, मी प्रश्न विचारतो."

"पण पायरी दुरुस्त झालीय. मीच केली. तेवढं कंपनीला पटत नाहीये, ते तू—"

"अं... ते आपण नको सांगू या. लोकांचा संताप ओसरतो. जुनी पायरी ठेवलीय का कुठे?"

सडकी फळी गॅरेजमागे पडली होती. बाई नुसतं बघू म्हणाल्या.

त्याच आठवड्यात रोझने आणखी एक बॉम्ब टाकला. ओसरी अशी मोडकी आणि हिवाळ्यात वर बर्फ, म्हणून तिने वसंतातच चर्चमध्ये बाईंचं नाव गरजूंची घरं दुरुस्त करायच्या 'मदतीचा हात' दिवसासाठी देऊन ठेवलं होतं. येत्या शनिवारी वीस स्वयंसेवक येणार होते.

"माझं नाव? गरिबांच्या यादीत? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस का?"

"तुझं तोंड बघणार नाही मी, रोझ."

"मधलं कुंपण तुझ्या कमरेएवढंच उंच आहे, बघावं लागेलच." रोझने छापील कागद पुढे केला. बाईंनी तो रागारागाने वाचायला घेतला आणि शेवटच्या ओळीशी थांबल्या. त्या दिवसाची प्रायोजक होती ग्रेट हार्बर विमा कंपनी. बाई इतक्या गोड हसल्या की रोझ एक पाऊल मागे सरकली.

"येऊ देत," बाई म्हणाल्या. "कॉफी करते मी."

शनिवारी कंपनीच्याच माणसांची नारिंगी टी-शर्टांतली फौज उतरली. कुणी हिशेब तपासणारे, कुणी नकार कळवणारे. मॅडिसन म्हणून त्यांची पुढारीण, हातात याद्यांचं पॅड आणि चेहऱ्यावर लख्ख उत्साह. करवतीला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. शिडीच्या दुसऱ्या पायरीच्या वर चढायचीही नव्हती. का, तर विमा नव्हता! बाईंना हे ऐकून खुर्चीत बसावं लागलं. उरला रंग, तो मात्र हवा तेवढा.

ओसरी बघून मॅडिसनचा चेहरा पडला. "ही तर चांगली दिसतेय. आम्हाला आधीचा आणि नंतरचा, असे दोन फोटो लागतात."

"आधीची फळी गॅरेजमागे आहे," बाई साळसूदपणे म्हणाल्या.

मग काय, चार धट्टेकट्टे पदवीधर ती सडकी फळी वाजत गाजत घेऊन आले, नव्या पायरीवर मांडली, आणि तिच्याकडे दुःखाने बघतानाचा फोटो काढला. फळी उचलली. हिरवा रंग लावला. एका लाल केसांच्या पोरीने कठड्यापेक्षा स्वतःच्या बुटांना जास्त लावला. मग नंतरच्या फोटोसाठी बाईंना मधोमध उभं केलं आणि म्हणाले, हसा.

"हसते की. पण खाली काय लिहिणार?"

"'व्हर्नाच्या चेहऱ्यावर आनंद!'"

"चेहरा दिसेलच, हातच्या कांकणाला आरसा कशाला? तारीख लिही, घराचा नंबर लिही. आणि लिही, की ग्रेट हार्बरने ही ओसरी आज भक्कम आणि सुरक्षित केली. नाहीतर मला अलीकडे दातदुखीमुळे हसवत नाही."

मॅडिसनला ते वाक्य फारच आवडलं. दुपारपर्यंत ते फोटोसकट कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकलं.

सोमवारी सकाळी बाईंनी फोन लावला.

"फोटो अधिकृत माणसाने—" तोच पोरगा.

"तुमच्याच पानावर बघ बाळा. तुमची वीस माणसं उभी आहेत, टी-शर्टासकट. त्यातलं कोण अधिकृत नाही तेवढं सांग. तुम्हीच भक्कम केलेली ओसरी तुम्हालाच मोडकी वाटत असेल तर तसं लिहून दे, मी तेही छापायला देते."

पोरग्याने वरच्याला विचारलं, वरच्याने त्याच्या वरच्याला. गुरुवारी पत्र आलं की विमा चालू राहील. बाई पत्र हातात घेऊन नव्या पायरीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. टोलेडो टळलं होतं.

टोबायस मात्र भडकला. "त्यांच्याबरोबर फोटो काढलात? हसून? व्हर्ना, ते तुम्हाला वापरताहेत!"

"वापरतात की. त्यांना माझं हसू हवं होतं, तुला माझं रडू. दोघांनाही फळी सडकीच हवी होती. धड पायरी हवी होती ती फक्त मला." मग त्या जरा नरमल्या. "कार्यक्रम ऐकेन मी, रागावू नकोस. तू बोलतोस ते बरंचसं खरंच असतं. पण एकदा करवत हातात धरून बघ बाळा, घशालाही जरा विश्रांती मिळते."

डिसेंबरात कंपनीचं कॅलेंडर आलं. जुलैच्या पानावर बाई होत्या. रोझने ते त्यांच्या संडासात, टाकीच्या वर टांगलेलं पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"हे हसू काही खोटं नाही, व्हर्ना. मी तुला ओळखते."

बाईंचे कान लाल झाले. "त्या लाल केसांच्या पोरीने ब्रशऐवजी रंगाच्या डब्यात कोपर बुडवलं होतं ना, त्याला हसले. आणि..." त्या थांबल्या. "लेनर्ड गेल्यापासून ओसरीवर इतकी माणसं कधी आली नव्हती, रोझ. मला फार बरं वाटलं. लाज वाटते सांगायला."

"मग संडासात कशाला टांगलंस, भवाने? बैठकीत लाव की!"

"वा! तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"