एक जास्त

“एक जास्त!” असं म्हणून साहेब एक बोट वर करायचे. नवा माणूस भेटला की आधी त्याचं वय विचारायचे, आणि त्याने बत्तीस सांगितलं की तेहतीस करून टाकायचे. त्यांच्या कोरियात मूल जन्मतःच एक वर्षाचं धरत. “आईच्या पोटात राहिला, ते फुकट?” हा त्यांचा सवाल. निवृत्तीला टेकलेले आमचे हेडक्लार्क तर त्यांना पाहून वाट बदलायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते जळगावला आमच्या सूतगिरणीत नवी यंत्रं बसवायला आले. सोबत बायको आणि तान्ही मुलगी. घर आमच्या भिंतीला भिंत लागून. हिंदी मोडकी, मराठी त्याहून मोडकी, पण बोलायची हौस दांडगी. माझ्या आईला सगळी आळी अक्का म्हणे, तसे तेही म्हणू लागले. आई मूळची अमळनेरकडची. तिने आठवड्याभरात त्यांच्या बायकोची सून करून टाकली.

नव्या यंत्रावर पहिलं सूत निघालं तेव्हा खात्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी त्या सुताची एक लडी मागून घेतली. “मुलीला,” म्हणाले.

रविवारी मुलीचा पहिला वाढदिवस होता. त्यांच्याकडे त्या दिवशी मुलापुढे ताट मांडतात. तांदूळ, पुस्तक, लेखणी, सूत. मूल जे उचलेल तसं त्याचं पुढचं आयुष्य. सूत उचललं तर लांब आयुष्य. मी थट्टा करणार होतो, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, “पहिला मुलगा. अकरा महिने. ताट नाही मांडलं.” मग माझा हात धरून म्हणाले, “ही सूत घेणार. घेणार ना?”

“घेणार,” म्हणालो.

रविवारी आळीत लगीनघाई! तांदळाच्या पिठाचा पांढरा केक वाफवायचा होता. आईने मोठ्या पातेल्यावर फडकं बांधलं. “हाई ते आपला फुनकासारखंच शे!” म्हणाली आणि डाळीचे फुनके वाफवायच्या सराईतपणे कामाचा ताबाच घेतला. आम्ही ताटल्या घेऊन घरोघर धावलो. कुणी ताटली रिकामी परत करेना. शेव आली, गूळ आला, मूळच्या असोदा गावच्या एका घरातून केळीचा घडच आला. साहेब आनंदाने ओरडले, “तिकडेपण असंच! ताट रिकामं नाही देत!”

संध्याकाळी अख्खी आळी त्यांच्या खोलीत. मुलगी रंगीत पट्ट्यांच्या झग्यात. साहेबांनी सुताची लडी ताटात अगदी तिच्या हाताशी सरकवली. लबाडी सगळ्यांनी पाहिली.

पण आई देवाच्या ताटाशिवाय दुसरं ताट जाणत नव्हती. “ताटमा फळ नई? आसं कसं?” म्हणत तिने मघाशी एक केळं ठेवून दिलं होतं.

मुलगी रांगत निघाली. सुतावर हात टेकला, तसे आम्ही पुढे वाकलो. हात पुढे सरकला आणि तिने केळं उचलून थेट तोंडात घातलं!

पोरंटोरं हसली. साहेब हसले नाहीत. त्यांचा चेहरा पाहून मला आईचा भयंकर राग आला.

आई उठली, मुलीला कडेवर घेतलं आणि झगा वर केला. कमरेला काळा करगोटा होता. “दोरा ते तिना कंबरले पहिलेच शे, भाऊ! मीच बांधेल शे.”

मी हिंदीत सांगितलं. साहेबांनी तो दोरा बोटाने चाचपला, मग ताटातली लडी पाहिली, मग तीही मुलीच्या गळ्यात घातली.

“एक जास्त!” ते एवढ्या मोठ्याने ओरडले की मुलगी केळं टाकून रडायला लागली. आम्ही हसत होतो आणि साहेब डोळे पुसत होते.

चार महिन्यांनी काम संपलं. ते पहाटेच्या गाडीने गेले. आदल्या दिवशी आईने प्रवासासाठी दशम्यांचं ताट दिलं होतं. सकाळी ते उंबऱ्यावर होतं, घासूनपुसून, आणि त्यात ती पांढरी लडी.

दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. आईने काळ्या करगोट्याशेजारी त्या लडीतला पांढरा दोराही बांधला. दोन कशाला, असं कुणी विचारलं की ती एक बोट वर करायची.