मामांचा एक तास

जगात वेळेवर होणाऱ्या गोष्टी दोनच, एक सूर्योदय आणि दुसरे आमचे मामेसासरे. आणि त्यातल्या सूर्योदयाबद्दल मला ढगाळ दिवशी थोडी शंका येते. बायकोचे हे थोरले मामा नांदेड जिल्ह्यातल्या बसस्टँडांवर गाड्या सोडता सोडता निवृत्त झाले. म्हणजे नोकरीतून, घड्याळातून नाही. आठला जेवायला बोलावलं आणि पावणेआठला पोचले, तर ते फाटकाबाहेर पंधरा मिनिटं उभे राहतात. "आत या की मामा," म्हटलं, तर म्हणतात, "टाइम व्हायचाय आजून, जावईबापू." आमच्या लग्नात एका आत्याबाईंनी हौसेनं सातवं मंगलाष्टक सुरू केलं, तेव्हा मामांनी भर मांडवात "मुहूर्त निघून चालला!" असा पुकारा केला, हिमायतनगर गाडी फलाटाला लागल्याचा करावा तसाच. आत्याबाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

असा माणूस सायकलच्या शर्यतींच्या नादी कसा लागला, याचं मला फार दिवस कुतूहल होतं. निवृत्तीनंतर पाय मोडून ते प्लॅस्टरमध्ये पडले होते, तेव्हा नातीनं टीव्हीवर फ्रान्समधली तीन आठवडे चालणारी ती प्रसिद्ध शर्यत लावून दिली आणि रिमोट लांब ठेवून ती कॉलेजला निघून गेली, एवढीच काय ती सुरुवात. तेव्हापासून दर जुलैत मामा दुपारच्या चहापासून जेवणापर्यंत फ्रान्समध्ये असतात. बघतात काय, तर सगळंच. हेलिकॉप्टरमधून तिथली सूर्यफुलं दिसली की हातातला कप खाली ठेवतात. "काय एकसारखं रान हाय! पण माणूस एकबी दिसंना. खुरपतं कोण मग?" दिवसात चार-पाच तास सायकल चालवणारी ही माणसं लघवीला कुठं जातात, हा प्रश्न त्यांनी मला भर जेवणात विचारला आणि मला उत्तर येईना म्हणून पुढचे आठ दिवस स्वतःच टीव्हीला डोळे लावून त्याचा छडा लावला. पुढं निसटलेल्या तिघा-चौघांना ते 'विनाथांबा' म्हणतात, मागच्या मोठ्या घोळक्याला 'जनता गाडी'. आणि शर्यत कोण जिंकलं याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नसतं. ठरलेल्या मुदतीत जो पोचत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी निघू देत नाहीत, हा तिथला नियम कळल्यापासून त्यांचा जीव फक्त शेवटच्या माणसात अडकतो. पहिला येऊन, हार घालून, मुलाखत देऊन गेला तरी मामा खुर्चीच्या टोकावर. "पहिला येणारा येतोच हो. शेवटचा वख्तात येतो का न्हाई, ते बघायचं असतंय."

मग नांदेडमधल्या आमच्या छोट्या सायकल क्लबाला असा माणूस फुकट मिळाला, तर आम्ही कशाला सोडतो? महिन्यातल्या एका रविवारी गावाबाहेरच्या रस्त्यावर आमची वेळेची शर्यत असते. एकेका मिनिटानं एकेकानं सुटायचं, दहा किलोमीटरवरच्या ड्रमाला वळसा घालून परत यायचं, झुंज घड्याळाशी. मामांनी कडुलिंबाच्या फांदीला एक घंटा टांगली. तिची दोरी दोनदा ओढली की डबल बेल, गाडी सुटली! आपल्या मिनिटाला जो हजर नसेल त्याचं घड्याळ त्याच्यावाचून सुरू होतं, या नियमावर तर ते लट्टू आहेत. एकदा आमचे डॉक्टर हेल्मेट शोधत राहिले आणि चाळीस सेकंद उशिरा आले. गयावया करू लागले. मामांनी वहीतून मान वर केली नाही. "तुमची गाडी मघाच गेलीय, डॉक्टरसाहेब. पळा मागून."

दुसऱ्यांच्या वेळा लिहिता लिहिता त्यांच्या मनात काय शिजत होतं, हे मला एके दिवशी कळलं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पोरीचं स्थळ सांगावं तशा आवाजात सांगितलं, "मी बी एकडाव जाऊन राहिलो. एका तासाच्या आत यायचंय." वय सदुसष्ट, सायकल काळी बावीस इंची, वर कॅरिअर. वर्षभर ते पहाटे कुणाला न सांगता सराव करत होते आणि दरवेळी तासाच्या वर दोन-तीन मिनिटं जात होती. गुडघा आता कुरकुरत होता. "गुडघा म्हणून राहिला, यंदाच काय ते," असं त्यांनी हसत सांगितलं. पण मला ते ऐकवलं नाही.

मार्चमधला रविवार ठरला. सगळ्यांना सोडून शेवटी, साडेसहाला, मामांनी निघायचं. वही डॉक्टरांकडं, आणि घंटेची दोरी व मामांचं काट्याचं स्टॉपवॉच माझ्याकडं. त्यांच्या आधीचं, सहा एकोणतीसचं मिनिट एका नर्सचं होतं. उदगीरकडची मुलगी, रात्रपाळी संपवून तशीच आलेली. नेमकी तिच्या मिनिटाला तिची साखळी उतरली आणि अडकून बसली. मुलगी रडकुंडीला आली. मामांनी स्वतःची सायकल झाडाला टेकवली, खाली बसले आणि दोन्ही हात काळे करून साखळी सोडवत राहिले. ती गेली. मग हात धोतराला पुसत ते सायकलवर चढले, माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली, मी दोरी दोनदा ओढली आणि बटण दाबलं.

परत आले तेव्हा चेहरा बिटासारखा लाल झाला होता. मी बटण दाबून घड्याळ बघितलं आणि ओरडलो, "एकोणसाठ मिनिटं, वीस सेकंद!" डॉक्टरांनी चक्क शिट्टी मारली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा सायकलवरून उतरले नाहीत, एक पाय टेकून नुसते हसत होते. इतके हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग सवयीनं मनगटाकडं बघितलं आणि हसू हळूहळू ओसरलं.

"बटण कवा दाबलं, जावईबापू?"

"तुम्ही निघालात तेव्हा."

"मी साडेसहाची गाडी होतो."

त्यांनी डॉक्टरांच्या हातातून वही घेतली आणि स्वतःच्या नावापुढं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, एक तास, एक मिनिट, पाच सेकंद. नर्सच्या नावापुढची साखळीची मिनिटंही तशीच राहिली. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. घरी परतताना मी न राहवून विचारलं, "मामा, आयुष्यात तुम्ही कुणासाठी थांबला नाहीत. आजच कसे थांबलात?"

मामांनी हातावरचं साखळीचं काळं अंगठ्यानं घासलं. मग म्हणाले, "एकडाव गाडी सोडली होती. एक बाई लेकरू घेऊन हात करत पळून राहिली होती. मला दिसली होती ती. पण टाइम झाला होता." घासता घासताच म्हणाले, "लई वर्सं झाली. आजूनबी पळतीच हाय ती."

गुडघ्यानं आपला शब्द पाळला. डॉक्टरांनी मामांची सायकल बंद केली आणि तो तास एक मिनिट पाच सेकंदांनी हुकलेलाच राहिला. मामा अजून झाडाखाली बसतात, दोरी ओढतात, उशिरा येणाऱ्याला तसंच पळवतात; पण आता हाताशी नवं, आकड्यांचं घड्याळ असतं. जुनं काट्याचं त्यांच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात आहे, एकोणसाठ मिनिटं वीस सेकंदांवर थांबलेलं. कुणी विचारलं की मामा टीव्हीवरची नजर न हलवता सांगतात, "बिघडलंय ते."

ते बिघडलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या माहितीत मामा आयुष्यात एवढं एकच खोटं बोलले आहेत, आणि ते बोलले की मीही मान डोलावतो.