लाइफ जॅकेट घालून आणलेली गौर

आमच्या गावापासून समुद्र लांब आहे, तरी आमच्या नदीला भरती-ओहोटी आहे. वर खोपोलीला वीजघर पाणी सोडतं तेव्हा ती फुगते, बंद केलं की उतरते. आम्हाला याचं कौतुक नाही. कौतुक करणारे लोक हल्ली गाडीच्या टपावर होडी बांधून येतात आणि आमच्याच शेतात उतरतात.

आमच्या म्हणजे, पूर्वी आमच्या. धाकट्या दिरानं नदीकाठचा तुकडा मुंबईच्या एका पार्टीला विकला. पार्टी घरी आली, सुकट-भाकरी खाल्ली, सासूबाईंच्या पाया पडली. नदीवर जायची वाट तेवढी राहू द्या, असं सासूबाई म्हणाल्या. "अहो आजी, वाट तुमचीच आहे," पार्टी म्हणाली. झालं, विषय संपला. खरेदीखतात वाटेची एक ओळ घालून घ्या, असं मी म्हटलं तर दीर माझ्यावरच डाफरला. "वयनी, घरी जेवला मानूस. त्याच्याकडून लिहून घ्यायचं? बरं दिसतं का?"

बरं दिसलं नसतं, खरंय. आता तारेचं कुंपण फार बरं दिसतं.

कुंपणाच्या आत बोट क्लब झाला. निळ्या पिंपांवर तरंगणारा धक्का, पायऱ्या, पायऱ्यांना रेलिंग, पाहुण्यांच्या होड्या बांधायला ओळीनं कड्या. पहिल्या वर्षी होड्या आखूड दोरीनं काठावरच्या खांबांना बांधल्या होत्या. वीजघरानं पाणी बंद केलं आणि नदी उतरली, तशा त्या वाळत घातलेल्या चड्ड्यांसारख्या लोंबायला लागल्या. पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले. पैसे मोजून आलेला माणूस कशाचाही फोटो काढतो.

आम्ही मात्र ओढा ओलांडून, दुसऱ्याच्या बांधावरून, गुडघाभर चिखलातून लांबच्या वाटेनं नदीवर जायचो. कपड्यांना घरात मशीन आलं होतं, त्यामुळे कुणाचं फार अडलं नाही. अडलं ते गौरीला.

आमच्या घरी गौर नदीवरून येते. पाच खडे, वर तेरड्याची जुडी. आणायला जाणाऱ्या बाईनं घरातून निघाल्यापासून परत उंबऱ्यावर येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लग्न होऊन आल्यापासून सासूबाईच आणायच्या. यंदा त्यांचे गुडघे गेले आणि काम माझ्यावर आलं. मी खोपोलीला कारखान्याचं कॅन्टीन चालवते. बोलणं हाच माझा धंदा. तासभर गप्प राहण्यापेक्षा मला उपास परवडला.

ओढ्याला पूर होता. लांबची वाट बंद. मी म्हटलं, नळाखाली धुतलेले खडे ठेवू, देवी काय रागावणार आहे? सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. "नळाखालची गौर मला नको गं. आनायची तर आपल्या जाग्यावरची आन. नायतर मी रांगत जाते." आणि गेल्याच असत्या त्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी ताम्हण उचललं आणि सरळ गेटवर गेले.

गेटवर मॅनेजर उभा. "मॅडम, बुकिंग?" मी नकारार्थी मान हलवली. "डे पिकनिक?" पुन्हा मान. मला बोलता येत नाही असं त्याला वाटलं, मग तो मोठ्यानं बोलायला लागला. मुक्या माणसाला ओरडलं की ऐकू जातं, हे आपल्याकडचं शास्त्र आहे. शेवटी ताम्हणातलं हळद-कुंकू दिसलं आणि गडी एकदम पाघळला. "अच्छा, गौरी! या ना, या. सर म्हणालेत, लोकल कल्चरला सपोर्ट करायचा."

सपोर्ट म्हणून त्यानं माझ्या मनगटाला कागदी पट्टा बांधला. मग नारिंगी लाइफ जॅकेट आणलं. मी हातानं दाखवलं, बाबा रे, घोट्याएवढ्या पाण्यात जायचंय. "नियम आहे मॅडम." नऊवारीवर जॅकेट चढवून मी पायऱ्या उतरले, जिथे माझ्या सासूनं चाळीसएक वर्षं अनवाणी पाय बुडवले होते तिथे. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

खाली पाहते तर खडे नाहीत. म्हणजे होते, पण पांढरेशुभ्र, गुळगुळीत, ट्रकनं आणून ओतलेले. मॅनेजरनं त्यातले पाच निवडून माझ्या ताम्हणात ठेवले. "हे घ्या, स्वच्छ आहेत." मी ते त्याच्या हातात परत दिले, धक्क्यावर पालथी पडले आणि खाली हात घालून चाचपडायला लागले. तोवर पाहुणे मोबाइल घेऊन गोळा झालेले. एक बाई म्हणाली, "जरा इकडे वळता का? लाइट छान आहे." माझ्या तोंडात त्या क्षणी काय काय आलं ते मी इथे लिहीत नाही. सगळं गिळलं, एवढंच सांगते.

पिंपांखालचे पाच काळे खडे मिळाले. वर आले तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

मी कुणाची कोण ते तोवर कुणीतरी मॅनेजरला सांगितलं असावं. गेटवर जॅकेट काढून घेताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी आधी फोन करा. शनिवार-रविवार नको, फुल असतं. नंबर आहे तुमच्या दिरांकडे, भाजी पाठवतात ना ते."

उंबऱ्यावर सासूबाई हळदी-कुंकू घेऊन बसल्या होत्या. "गौर आली, कशाच्या पावलानं आली?" त्यांनी विचारलं. "सोन्याच्या पावलानं," मी म्हटलं, आणि मग तासाभराचं तुंबलेलं सगळं ओकले. पट्टा, जॅकेट, पांढरे खडे, टाळ्या, फोन.

दीर हसला. "आत सोडलं ना पन? मी म्हनलो होतो, मानूस चांगला हाय."

सासूबाई हसल्या नाहीत. एकेक खडा हातात घेऊन त्यांनी पुसला, पाटावर मांडला. मग मला विचारलं, "फोन करायचा म्हनला?"

"हो."

"शनवार-रविवार नाय?"

"नाही."

त्या दिराकडे वळल्या. आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ घाल म्हणावं तसा. "मंग माजी येळ आली का आधी फोन कर रं त्यांना. तुज्या बापाची राख तिथंच सोडली, माजी बी तिथंच सोडायची. शनवार-रविवार आला तर ठेवा दोन दिस गाडग्यात."

"आई, सणाच्या दिवशी काय बोलतेस?"

"बोलत नाय, इचारते. नंबर हाय ना तुज्याजवळ?"

दिरानं खिशातला मोबाइल चाचपला. नंबर होता त्याच्याजवळ.