कोल्हारला धुरी घेतलेली बाटली

पुण्याहून निघालो तेव्हा गाडीत ड्रायव्हर दत्तूभाऊ, मी आणि माझ्या मांडीवर एक काचेची बाटली. आत हवेच्या जागी आरगॉन वायू आणि चिमूटभर केशरी पूड. माझी सगळी पीएचडी त्या चिमटीत होती. हवा लागली की पूड तपकिरी पडून वाया जाणार, आणि पुन्हा करायला माल उरला नव्हता. नगर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मास स्पेक्ट्रोमीटर आहे, म्हणजे रेणूचं वजन करणारं यंत्र. नमुन्याला हवा लागू न देता ते आत घेतं. तिथवर पोचायचं, बस्स.

कोल्हारला प्रवरेचा पूल ओलांडला आणि टायर बसला. गाडीत उन्हानं बसवेना. समोरच्या टपरीवरच्या मावशींनी चहा पुढे केला आणि बाटलीकडे बोट दाखवलं.

"काय हाय त्यात?"

"रसायन. हवा लागली की संपलं."

मावशींचा चेहराच बदलला. "आन तू उघड्यावर घेऊन बसलीस व्हय? ऊठ आधी."

त्यांची सून नुकतीच बाळंत झाली होती. टपरीमागच्या खोलीत खिडक्यांना चादरी, दाराच्या फटीत चिंध्या. वाऱ्याची आत यायची टाप नव्हती. मावशींनी बाटलीला कुंची (तान्ह्याचं कान झाकणारं टोपडं) घातली आणि तिला बाळाशेजारी निजवलं. झाकण पक्कं आहे, असं मी सांगत होते, पण ऐकतंय कोण. मग शेगडीवर ओवा पडला. धुरी (औषधी धूर) बाळाला मिळाली, बाटलीलाही मिळाली. माझा जीव टांगणीला. शेजारणी येत, बाळ बघत, मग बाटली बघत.

"रंग लई उजळ हाय," एक म्हणाली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

टायर बदलून झाला, पण कुंची काही मावशींनी काढू दिली नाही.

कॉलेजात यंत्र चालवणाऱ्या शिंदे सरांनी टोपड्याकडे बघत हातमोजे चढवले. नमुना आत गेला. पडद्यावरच्या आलेखात माझ्या रेणूचा सुळका हवा तिथेच उभा राहिला आणि मला रडूच आलं. शेजारी एक बारका सुळका होता.

"हा ओव्यातला थायमॉल," सर म्हणाले. "बाटलीवरून हातमोज्यांना लागला असणार. धुरी दिली होती का?"

"हो," मी म्हणाले.

परतताना कुंची द्यायला थांबले. मावशींनी आधी विचारलं, "वजन किती भरलं?"

एवढा प्रवास त्याच प्रश्नासाठी केला होता, आणि इतका सरळ तो मला आजवर कुणी विचारला नव्हता.

"जेवढं भरायला हवं तेवढंच, मावशी."

"मग झालं. नाव काय ठिवलं?"

मी रासायनिक नाव सांगू लागले. अर्ध्यावर त्यांनी हात वर केला. "ते शाळंतलं. घरात काय म्हनता?"

प्रबंधात त्याचं नाव दीड ओळीचं आहे. घरात, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत, आम्ही त्याला कोल्हारकर म्हणतो.