आबांची पाहुणी आणि माझे दोन पगार

माझ्या नोकरीचे पहिले दोन पगार मी एका बाईंना आमच्या घरी बसून चहा पिण्यासाठी दिले.

ऑफिसात हे एकदा सांगितलं तर सगळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. म्हणून सविस्तर लिहिते. (बोलायला लागले की तिसऱ्या शब्दाला माझा आवाज बसतो. लिहिताना निदान पूर्ण वाक्य होतं.)

आबा म्हणजे माझे आजोबा. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये ते तीस वर्षं काट्यावर होते, कापसाच्या गाड्या मोजायला. त्या वर्षी ते ओल्या न्हाणीत घसरले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "दोन महिन्यांत चालले तर चालले. नाही तर कायमचा पलंग धरतील." चालवायला दिवसभर माणूस हवा होता. बाबा पहाटेच्या बसने दर्यापूरकडच्या शेतावर जायचे, आई अंगणवाडीत, मी नव्या नोकरीवर. कापसाला भाव नव्हता आणि सोयाबीन शेंगा धरण्याआधीच वाळून गेलं होतं, तेव्हा बाबांना विचारण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, "मी देईन." घरात एवढ्या मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले असेन.

घरी सेवेला माणूस पाठवणाऱ्या एजन्सीचा फॉर्म आला. चार पानं, सगळी इंग्रजीत. इंग्रजी शाळेची फी अखेर कामी आली, अशा चेहऱ्याने बाबा माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"काय लिवलं आहे वं?"

बारा तासांचा दर वेगळा, चोवीस तासांचा वेगळा. शिकलेली बाई वेगळी, न शिकलेली वेगळी. आंघोळ घालणं दरात धरलेलं, मालिश वरून. रविवारी दीडपट. मी मनात बेरीज केली: रविवार सोडून, दिवसाचे बारा तास, शिकलेली बाई. माझे दोन पगार म्हणजे बरोबर आठ आठवडे. नववा आठवडा नाही.

"चांगलं लिहिलंय," मी म्हणाले.

आता राहिले आबा. त्यांनी आधीच जाहीर केलं होतं, "पैसे घेणाऱ्याले माह्या अंगाले हात लावू देऊ काय मी? त्यापरीस पडूनच राह्यतो."

सोमवारी आठ वाजता एजन्सीच्या नसीम आपा दारात उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, हातात पांढऱ्या एप्रनची पिशवी. पलंगावरून आबांनी विचारलं, "कोण आलं वं?" मी रात्रभर पाठ केलेलं भाषण बाजूलाच राहिलं आणि तोंडातून निघालं, "माझ्या मैत्रिणीची आई. पाहुण्या आहेत. थोडे दिवस राहतील. म्हणजे, दिवसा राहतील." (रोज संध्याकाळी घरी जाणारी पाहुणी मलाही पटली नव्हती.) आपांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि एप्रन पिशवीत खाली सरकवला.

आणि तिथेच माझे पैसे बुडाले. कारण आमच्या घरात पाहुण्याला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाहीत.

आपांनी आबांना उठवायला हात पुढे केला. आबा दचकले. "बाप्पा, पाहुण्याच्या हातानं उठू काय मी? बसा तुमी. पोरी, खुर्ची दे. ते नाही, माही, गादीवाली."

पहिल्या दिवशी चहा झाला. दुसऱ्या दिवशी पोहे. आईला खरं काय ते ठाऊक होतं, पण तिसऱ्या दिवशी तिलाही राहवलं नाही. "घरी आलेल्या बाईले कोरडी पोळी देऊ काय?" असं म्हणून तिने वांग्याचं भरीत केलं. आठवड्याच्या शेवटी आबांनी बाबांना कचोऱ्या आणायला पिटाळलं. मी एका बाईचा दर भरत होते आणि वरून तिचा पाहुणचारही करत होते!

संध्याकाळी फाटकाशी मी आपांना कुजबुजत विचारायची, "आज चालवलं का त्यांना?"

"चलेंगे बेटा, चलेंगे. पहले मुझे ठीक से मेहमान तो बनने दो."

तिसऱ्या आठवड्यात घरी आले तर आबा पलंगावर बसून आपांबरोबर चहा पीत होते. माझं लक्ष फक्त माझ्या संपलेल्या बिस्किटांकडे गेलं. पाचव्या आठवड्यात आबा वॉकर धरून त्यांना दारापर्यंत पोचवायला आले. माझं लक्ष आपांच्या पिशवीत पडलेल्या आमच्या लिंबांकडे.

सहाव्या आठवड्यातल्या शनिवारी मी अर्धा दिवस काम करून घरी परतले आणि माझ्या मागोमाग एजन्सीचा सुपरवायझर तपासणीला आला. नवीनच लागलेला, हातात फाइल. आत चित्र असं होतं: आबा ओट्याशी, एक हात वॉकरवर, दुसरा साखरेच्या डब्यात. आपा गादीच्या खुर्चीत, पाय स्टुलावर.

सुपरवायझर आपांपुढे वाकून म्हणाला, "आजी, काही त्रास?" मग आबांकडे वळून, "काका, पेशंटला आज व्यायाम दिला का?"

"पेशंट काहून? पाहुणी आहे ते आमची."

"मग अटेंडंट कुठे आहे? पैसे तर रोजचे लागून राहिले."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं गाड्या मोजलेली नजर. मी सगळं सांगून टाकलं. नोकरीवर आलेल्या आपा, माझा पगार, माझं खोटं. सातव्या वाक्यापर्यंत आवाज बसला नाही.

सुपरवायझर आपांवर उखडला. "म्हणजे तुम्ही बसून चहा पिता आणि पेशंट काम करतो? मी लिहितो हे."

आपांनी पाय शांतपणे खाली घेतले. "लिखो. मी म्हटलं, मैं अकेली चाय नहीं पीती, तवा आबा उठून बसले. फिर मैंने कहा, चाय तो आबा के हात की. आता रोज तीन बार ओट्यापर्यंत येतात. मी मुद्दाम साखर कमी सांगते, म्हणजे परत जावं लागते. शाम को मेहमान को गेटपर्यंत सोडतात. चाहिए तो पावलं मोजून घ्या."

आबांनी उकळत्या चहाखालचा गॅस बारीक केला.

"म्हणजे," आबा सावकाश म्हणाले, "मले चहा कराले लावाचे पैसे हे बाई घेऊन राहिली?"

"हो आबा."

"अन् चहा म्या केला."

"हो."

"मंग माही मजुरी?"

आपा एवढ्या हसल्या की सुपरवायझरला फाइल मिटावी लागली. आबांनी त्यालाही चहा पाजला आणि, तोही पाहुणाच म्हणून, वॉकर टेकत सोडायला निघाले. माझे दोन्ही पगार फाटकापर्यंत चालत गेले आणि चालत परत आले. दारात उभी राहून मी ते पाहत होते, आणि पहिल्यांदाच शेजाऱ्यांनीही पाहावं असं मला वाटलं.

तिसरा पगारही गेला. मजुरीबद्दल आबांना धोतरजोडी, आणि पाहुणी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून आपांना लुगडं. या खर्चाचा रकाना त्या चार पानांत कुठेच नव्हता.

"तुला कधी कळलं, आपा काय करतायत ते?" मी आईला विचारलं.

"मले? तिसऱ्याच दिवशी. भरीत काहून केलं मंग?"

बाबा अजून येईल त्याला अभिमानाने सांगतात, की तो फॉर्म वाचणारी घरात आमची पोरगी एकटीच होती. घरात काय घडतंय ते न समजलेलीही मी एकटीच होते, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.